गाठोड्याची खोळ

१२ सप्टेंबर

चि. टाचणी,

आशीर्वाद लिहायला घेतले होते. पण नऊ वर्षांत एक ओळ न लिहिणाऱ्या बापाने पहिल्याच पत्रात आशीर्वाद द्यावेत, हे मलाच जास्त वाटलं. ते इथे काढून ठेवले आहेत. लागतील तेव्हा सांग.

पत्ता तुझ्या मावशीने दिला. सहजासहजी नाही. ती दुकानात आली की मागायचो; तीनदा मागितला, तेव्हा एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर लिहून दिला आणि वर बजावलं, "भावोजी, पत्ता देतेय. पुढचं एक अक्षर विचारायचं नाही." मी विचारलं नाही. तुझी आई गेली तेव्हा तू दोन दिवस मावशीकडे उतरलीस आणि माझ्याशी एक शब्द न बोलता परत गेलीस, याचाही विषय मी कधी तिच्यापाशी काढला नाही. आत्ताही काढत नाही.

कामाचं लिहितो. दुकानात लोकरी कापडाचा एक मोठा तुकडा शिल्लक आहे, राखाडी, उन्हात धरला की निळी झाक मारतो. एका बाईमाणसाचा कोट होऊन वर थोडं उरेल. तुमच्याकडे थंडी फार, असं ऐकतो. म्हणून मापाच्या वहीत तुझं पान काढलं. सहाव्या वर्षापासूनची मापं ओळीने आहेत. आई फीत लावून आकडे सांगायची आणि मी लिहायचो. शेवटचं माप एकविसाव्या वर्षाचं. छाती एकतीस, कंबर चोवीस, डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली, माझ्यासारखा. या मापावर आज कोट बेतायचा म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे, आणि तसला कारभार मी आयुष्यात केलेला नाही. तेव्हा नवीन मापं कळव. छाती, कंबर, खांदा, बाही, उंची. पाच आकडे. ख्यालीखुशाली लिहिली नाहीस तरी चालेल.

दुकान आहे तसंच आहे. सध्या एक विचित्र काम आलं आहे. एका गिऱ्हाइकाने दवाखान्यातून मिळालेलं यंत्र आणून टाकलंय. यंत्र म्हणजे काय, तर एक मऊ गाठोडं. उशीएवढं, दोनेक किलोचं, ना डोळे ना तोंड, वरून करडी लव. कुशीत घेतलं की ते ऊबदार होतं आणि चक्क श्वास घेतं. ज्यांचा जीव घाबरा होतो त्यांना सोबत म्हणून देतात म्हणे. माणसांनी माणसांना जवळ घ्यायचं सोडलं, आता गाठोडी घेऊन बसा. गिऱ्हाईक म्हातारं आहे आणि जरा चक्रम आहे. कंपनीने पोटावरची शिवण वाकडी घातली म्हणून त्याला नवी खोळ शिवून हवी आहे. शिवणीबद्दल मात्र त्याचं म्हणणं बरोबर आहे.

मापं पाठव.

बाबा


३० सप्टेंबर

टाचणी,

पहिलं पत्र मिळालं नसेल तर हे दुसरं. मिळालं असेल तर हेही दुसरंच.

पोस्टमनला रोज विचारतो. परवा तो म्हणाला, "मास्तर, आलं की मीच हाक मारीन, तुम्ही कात्री सोडून दारात येऊ नका." बघ, आता पोस्टमनही मला शिकवायला लागलाय.

तो म्हातारा गाठोडं न्यायला फिरकलेला नाही. गिऱ्हाइकांची जातच अशी, आज हवं म्हणून ऊर बडवतील आणि शिवून झालं की महिनाभर तोंड दाखवणार नाहीत. ते कापायच्या टेबलावर पडून असतं. सकाळी त्याला तार लावून ठेवावं लागतं, नाहीतर गार पडतं. आणि गार पडलेलं ते बघवत नाही. कारण काही नाही, उगाच आपलं.

दुपारी दोनच्या सुमाराला दुकान रिकामं असतं, तेव्हा काल मांडीवर घेऊन बघितलं. टाका कसा आहे ते बघायला. पाऊण तास बघितला.

ते कसं चालतं सांगतो, म्हणजे त्या म्हाताऱ्याने सांगितलं ते. आपला श्वास भराभर चालला असेल तर आधी तेही तसंच भराभर श्वास घेतं. मग आपल्याला न कळत एक श्वास जरा लांबवतं. मग आणखी जरा. आपण त्याच्या मागे मागे जातो. मूल चालायला शिकतं तेव्हा आपण त्याच्या पावलाने चालतो ना, तसं.

तुला अजून होतं का तसं? छातीत? मावशीला विचारणार होतो, पण एक अक्षर विचारायचं नाही असं ठरलंय. नको सांगूस. मापं तेवढी पाठव.

बाबा


१३ ऑक्टोबर

टाचणी,

गिऱ्हाईक वगैरे कोणी नाही. तो चक्रम म्हातारा मीच.

तू पहिल्याच पत्रात ओळखलं असशील. तुझ्या आईचीच तू. मी दुकानातून घरात पाऊल टाकायच्या आधी तिला कळायचं की आज कुणाचं तरी कापड चुकीचं कापलंय.

जूनमधली गोष्ट. शाळेचे मुख्याध्यापक कोटाचं माप द्यायला आले होते. मी त्यांच्या छातीभोवती फीत धरली आणि आकडा वाचता येईना. अडतीस की छत्तीस. फीत माझीच, चाळीस वर्षं हातात वागवलेली. त्यांचं माप घेता घेता माझ्याच छातीत कुणी शिलाई मशीन सोडून दिल्यासारखं झालं. बोटं गार, तळहात ओले, कानात घूं घूं. दुकानात हवा होती, समोरचा माणूस ती घेत होता, मला मात्र मिळत नव्हती. आता मेलो, असं वाटत नव्हतं, मेलोच होतो. मुख्याध्यापकांनी मला खुर्चीत बसवलं आणि पाणी दिलं. पेला धरता येईना, तर त्यांनीच तोंडाला लावला. अर्धं माप घेतलेला माणूस अंगावर फीत लोंबकळत मला पाणी पाजतोय!

हृदय ठणठणीत निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, हा घाबरण्याचा झटका आहे." मी म्हटलं, "बाई, मी कुणाच्या बापाला घाबरत नाही." त्या म्हणाल्या, "कुणाला घाबरून येतच नाही तो. असाच येतो."

असाच आणखी पाच वेळा आला. बँकेच्या रांगेत आला. जिन्यात आला. एकदा तर सुईत दोरा ओवताना आला. मग मी बाहेर पडणंच बंद केलं. मापं घ्यायला लोकांना दुकानातच बोलवायला लागलो आणि भाजी आणायला शेजाऱ्यांना पिटाळायला लागलो. शेवटी दवाखान्याने हे गाठोडं दिलं. उसनं आहे, तीन महिन्यांसाठी, पाच डिसेंबरला परत करायचं. मावशी आली की मी ते कापडांच्या ढिगाखाली लपवतो. एकदा ढीगच श्वास घ्यायला लागला. ती बघत राहिली आणि म्हणाली, "उंदीर झालेत वाटतं." मी म्हटलं, हो, मोठा आहे.

एक सांगतो. ते "घाबरू नकोस" असं कधी म्हणत नाही. "शांत हो" म्हणत नाही. म्हणूनच मी त्याचं ऐकतो, असं मला वाटतं.

आणि पहिल्याच झटक्यात, पेला धरता येत नव्हता तेव्हा, मला तू आठवलीस. आई नाही, देव नाही, तू. चौदाव्या वर्षापासून तू जे सांगत होतीस ते अगदी शब्दाला शब्द हेच होतं. "बाबा, श्वास पुरत नाही." आणि मी म्हणायचो, "हवा काय रेशनवर मिळते का?" वर स्वतःच्या विनोदावर हसायचो. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. मला कळायला माझं जळावं लागलं.

त्या दिवसाबद्दल लिहायला बसलो होतो. आज जमत नाही. दुकानात गिऱ्हाईक आलंय. खरंच आलंय, खोटं नाही.

बाबा


२ नोव्हेंबर

टाचणी,

या आठवड्यात मी गाठोड्याला जवळजवळ मारलं.

ती वाकडी शिवण मला महिनाभर डाचत होती. रोज जे कुशीत घ्यायचं त्याचं पोट असं भोंगळ शिवलेलं, ते मला कसं खपणार? मंगळवारी कंपनीची खोळ उसवली आणि आपल्याकडच्या कॉर्डरॉयची नवी बेतली. तपकिरी. तुला आठवेल तो तागा. हातशिलाईने शिवली, टाका शोधून सापडणार नाही असा. कुठे चुणी नाही, कुठे झोळ नाही. खोळ अशी बसली की जणू ते गाठोडं कॉर्डरॉयचंच जन्माला आलं होतं. लांब धरून बघितलं आणि म्हटलं, मास्तर, हात अजून शाबूत आहे.

दहा मिनिटांनी ते थरथरलं. आतून कुरकुर असा आवाज आला. मग एक अर्धा श्वास घेतला, तिथेच अडकलं आणि बंद पडलं. गार व्हायला लागलं.

मला झटका आला. आणि झटका आल्यावर जे घ्यायचं तेच माझ्या हातात मेलेलं. काय केलं असेल मी? ते छातीशी धरलं आणि निघालो. चार महिन्यांत एकटा कोपऱ्यापर्यंत गेलो नव्हतो, तो भर रस्त्यातून वीस मिनिटं चालत दवाखान्यात गेलो. दुकानाला कुलूप लावलं की नाही तेही आठवत नव्हतं. लावलं नव्हतं.

तिथे ही यंत्रं दुरुस्त करणारी एक बाई आहे, तुझ्याच वयाची असेल. तिने खोळीला बोथट कात्री लावायला घेतली तसा मी ओरडलो, "द्या इकडे!" आणि स्वतः टाके उसवले. चार बोटं शिवण सुटली आणि गाठोड्याने लांब श्वास घेतला. त्याच्यामागून मी.

ती हसायला लागली. खोळ उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाली, "काका, फिटिंग काय सुंदर आहे! पण याला श्वास घ्यायला जागा कुठे ठेवलीत? माप कधी घेतलंत?"

मी म्हटलं, "ते निवांत होतं तेव्हा."

"म्हणजे श्वास सोडलेला असताना. अहो, घेतलेला असताना घ्यायचं ना माप!"

चाळीस वर्षं शिवणाऱ्या शिंप्याला एक पोरगी हे सांगते! मग तिने तार जोडून आतली नोंद बघितली. मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं होतं, कधीतरी घेतो, आठवड्यातून एखाद वेळा. ती वाचायला लागली, "रोज सरासरी अकरा वेळा. नऊ ऑक्टोबरला सलग चार तास. काय होतं हो काका त्या दिवशी?" मी म्हटलं, कामं कमी होती. तुझा वाढदिवस होता, हे तिला कशाला सांगायचं.

परत येताना सगळा रस्ता मला तुझे फ्रॉक दिसत होते. आई म्हणायची, "पोर वाढतेय, दोन बोटं जास्त धरा." मी म्हणायचो, माझ्या मुलीच्या अंगावर पोतं दिसणार नाही. शाळेच्या कार्यक्रमात सगळ्यांनी हात वर केले आणि तुला करता आले नाहीत, काखेपाशी मुंढ्यात अडकले. मी तिसऱ्या रांगेतून बघत होतो. मला फक्त एवढंच दिसलं की खांदा काय झकास बसलाय.

आता तो दिवस लिहितो.

तुझी नोकरीची मुलाखत दहाला होती. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. तू उंबऱ्यावर येऊन थांबलीस आणि पाऊल उचलेना. मुठीत तो कॉर्डरॉयचा तुकडा होता, ज्याच्या रेघांवरून तू अंगठा फिरवत बसायचीस. मी म्हटलं, "झालं का नाटक सुरू?" मग तुझ्या हातातून तो तुकडा ओढला, मोठी कात्री घेतली, जिने मी कुणाला कागदसुद्धा कापू देत नाही ती, आणि सगळ्यांसमोर त्याचे चार तुकडे केले. "आता हातात काही नाही. आता जा." एक गिऱ्हाईक हसलं. मीही हसलो.

तू गेलीस. मुलाखतीला गेलीस की नाही हे मला आजपर्यंत माहीत नाही. घरी आली नाहीस, मावशीकडे गेलीस आणि तिथून दूर. आई अकरा दिवस माझ्याशी बोलली नाही. बाराव्या दिवशी बोलली ते फक्त "जेवून घ्या." चारातल्या तीन तुकड्यांनी मी मशीनचं तेल पुसलं. चौथा ती गेल्यावर तिच्या बटणांच्या डब्यात सापडला, तळाशी, घडी घालून.

माझं चुकलं, टाचणी. नाटक तू करत नव्हतीस. मी करत होतो, चार गिऱ्हाइकांसमोर, कडक बापाचं.

बाबा


१७ नोव्हेंबर

टाचणी,

आज पोस्टमनने लांबूनच मान हलवली. मी कात्री खाली ठेवली नाही, शहाण्यासारखा.

गेलं पत्र टाकल्यावर मला वाटलं होतं आता उत्तर येणारच. मग लक्षात आलं, हाही माझा जुनाच खाक्या. आपण माप सांगायचं आणि समोरच्याने त्यात बसायचं. माफी मागून झाली, आता तू इतक्या दिवसांत विरघळायला हवंस. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तो हा असा.

तेव्हा मागचं सगळं रद्द. मापं नकोत. उत्तर नको. कोट नाही झाला तरी तू काही गारठून मरणार नाहीस, बाजारात ढिगाने मिळतात, शिवण वाकडी असली तरी ऊब देतात. मी लिहीत राहीन, कारण मला बरं वाटतं. तू वाचायलाच हवं असं नाही.

मात्र तुझी आठवण येते, एवढं लिहू दे. दुपारी येते. इस्त्री गरम होईपर्यंतच्या वेळात येते. तू स्टुलावर बसून फिरकीतला दोरा सोडायचीस आणि मी ओरडायचो. ते स्टूल तसंच आहे, त्याच्यावर मी कुणाला बसू देत नाही. कारण विचारलं तर पाय मोडलाय म्हणून सांगतो. पाय चांगला भक्कम आहे.

गाठोड्याला आता सैल खोळ आहे. दिसायला गबाळी दिसते. श्वास घेताना मात्र फुगते आणि सोडताना बसते, आणि ते बघत बसायला मला आवडतं.

बाबा


७ डिसेंबर

टाचणी,

परवा गाठोडं परत केलं.

मुदत वाढवून मागावी असं सारखं मनात येत होतं. दुरुस्तीवाली बाई म्हणालीही, "काका, अर्ज करा, देतील." पण तिच्या टेबलावर यादी होती, सदतीस नावं. पुढचं नाव एका पंधरा वर्षांच्या मुलीचं. शाळेच्या दारापर्यंत येते आणि परत फिरते म्हणे. मी विचारलं, "तिचे वडील काय म्हणतात?" बाई म्हणाली, "त्यांनीच नाव घातलंय." मग मी कुठला अर्ज करतोय.

कॉर्डरॉयची सैल खोळ त्याच्या अंगावर तशीच ठेवली. बाईला सांगितलं, पोरीला रेघांवरून अंगठा फिरवायला सांगा. बाईने ते लिहून घेतलं. आता दवाखान्याने मला सदतीस खोळी शिवायला सांगितल्यात. अट एकच, माप श्वास घेतलेला असताना घ्यायचं. ही अट मीच घातली, अगदी जन्मापासून माहीत असल्यासारखी.

घरी चालत आलो. बँकेपाशी छातीत सुरू झालं. भिंतीला टेकलो आणि गाठोडं करायचं तसं केलं, आधी धापलो, मग एक जरा लांबवला. मोजायला नाही लागलं. दहा मिनिटांत पाय पुन्हा माझे झाले. टेबलावरची त्याची जागा मात्र रिकामी दिसते. तिथे उगाच हात जातो.

बाबा


२२ डिसेंबर

टाचणी,

गेल्या आठवड्यात पोस्टमनने खरंच हाक मारली. मी कात्री हातात घेऊनच रस्त्यावर आलो, लोक बाजूला झाले.

पाकिटात चौकटीच्या वहीचा एक कागद. ना "बाबा", ना सही. नुसते आकडे. पहिल्या ओळीत छाती पस्तीस, कंबर तीस, खांदा चौदा. मी वही काढून पडताळलं. जरा भरलीस, बरं झालं, टाचणीची सुई झाली नाहीस.

मग दुसरी ओळ बघितली. छाती बावीस. खांदा पावणेदहा. बाही चौदा. मला वाटलं तुझी काहीतरी गडबड झाली, फीत उलटी धरलीस. पुन्हा वाचलं. आणि त्याच ओळीच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, "डावा खांदा पाव इंच खाली."

चाळीस वर्षं मापं लिहितोय मी. बावीस छाती आणि चौदा बाही म्हणजे चार वर्षांचं मूल, हे मला कुणी सांगायला नको. आणि तो डावा खांदा कुणाचा, हेही नको.

खाली बसलो. तुझ्याच स्टुलावर बसलो, दुसरं काही जवळ नव्हतं. खूप वेळाने कागदावरची शेवटची ओळ वाचली. "दोन्ही सैल. लहान कोटाचे खिसे आतून कॉर्डरॉयचे."

तेव्हा मात्र रडलो, टाचणी. त्या इवल्या बोटांनाही काहीतरी धरायला लागतंय, हे वाचून रडलो. आणि तू ते द्यायला निघालीस, माझ्याकडून मागून घेऊन, म्हणूनही रडलो.

तसाच मावशीकडे गेलो. कागद पुढे केला. ती म्हणाली, "एक अक्षर विचारायचं नाही असं ठरलंय ना?" मी म्हटलं, विचारत नाहीये, दाखवतोय. मग तीही पदराने डोळे पुसायला लागली. आईला माहीत होतं, एवढंच ती म्हणाली. आईने बाळाचं टोपडं शिवलं होतं म्हणे, माझ्याच मशीनवर, मी बाजारात गेलो असताना. मी मनात म्हटलं, म्हणूनच तेव्हा मशीनचा टाका बदललेला असायचा आणि मी तिला रागवायचो.

दोन्ही कोट आज पार्सलने पाठवतोय. सदतीस खोळी थांबल्या आहेत, थांबू देत. राखाडी कापडात दोन्ही बसले, बेतताना थोडी ओढाताण झाली, पण बसले. तुझ्या कोटाला दोन बोटं जास्त धरली आहेत. लहान्याला चार. मुंढे मोठे ठेवलेत, हात सरळ वर जातील. बाही दुमडून आतून टाका मारलाय, वाढेल तशी सोड. खिसे त्याच ताग्यातल्या कॉर्डरॉयचे आहेत, रेघा आडव्या घातल्या, अंगठा खाली-वर फिरवला की लागतील अशा. उजव्या खिशात तळाशी एक छोटा तुकडा वेगळा शिवला आहे. जुना आहे, कडा चौकोनी कापलेल्या आहेत. तो कुठला ते तुला कळेल. त्याला तेल लागलेलं नाही.

एक अडचण आहे. मूल मुलगा की मुलगी, हे तू लिहिलंच नाहीस. मुलाचं काज डावीकडे असतं आणि मुलीचं उजवीकडे. पूर्वीचा मी असतो तर एक बाजू ठरवून मोकळा झालो असतो. आता नाही ठरवली. लहान्या कोटाला काजं पाडलेली नाहीत आणि बटणंही लावलेली नाहीत. आधी वाटलं बटणं इथेच ठेवून घ्यावीत, म्हणजे तुम्हाला यावंच लागेल. मग म्हटलं, मास्तर, पुन्हा घट्ट शिवायला लागलात. म्हणून सहाही बटणं पुडीत घालून कोटाच्या डाव्या खिशात ठेवली आहेत, सुई आणि दोऱ्यासकट. कुठल्या बाजूला लावायची ते तूच ठरव. काजं तुला येतात, मीच शिकवली आहेत, आणि आईपेक्षा बारीक करायचीस.

आता आशीर्वाद लिहितो. तुला, आणि ज्याचं नाव मला माहीत नाही त्याला किंवा तिला.

काजं मी केली तर जास्त टिकतील, एवढं मात्र खरं.

तुझा बाबा